उंदीर मेला नव्हता

फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराजवळच्या एका घरात, बेट्सी अराकावा आपल्या लक्षणांचा इंटरनेटवर शोध घेत होत्या. फ्लूसारखं कशाकशात वाटतं, कोविडमध्ये चक्कर येते का, नाकातून रक्त येतं का. अराकावा पियानोवादक होत्या, आणि हॉलिवूडचे अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी. महिनाअखेरीस दोघांचे मृतदेह घरात सापडले, बातमी जगभर गेली, आणि नेहमीप्रमाणे खुनाच्या थिअऱ्या सुरू झाल्या. मार्चमध्ये तिथल्या वैद्यकीय तपासनीसांनी जाहीर केलं, की अराकावा यांचा मृत्यू हंताविषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने झाला. त्यांचं राहतं घर स्वच्छ होतं. आवारातल्या गॅरेजांत आणि शेडमध्ये मात्र उंदरांची घरटी आणि लेंड्या सापडल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण माझं रोजचं काम सर्चबॉक्स, फॉर्म आणि ड्रॉपडाऊन यांच्याशी असतं. त्यामुळे त्या बातमीतली एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ताप आलेला माणूस काय टाइप करतो? तो ताप टाइप करतो, अंगदुखी टाइप करतो. पाच आठवड्यांपूर्वी झाडून काढलेली खोली टाइप करत नाही. डॉक्टरसमोर बसल्यावरही ती खोली सांगत नाही, कारण तिचा तापाशी काही संबंध आहे असं त्याला वाटतच नाही. मग हा आजार पहिल्यांदा ओळखला तरी कसा आणि कोणी, हे शोधत मी मागे मागे वाचत गेलो, आणि कोरियातल्या एका नदीपाशी पोहोचलो.

पण कोरियाला जाण्याआधी एक गोष्ट आपल्या घरची. उंदीर आणि ताप यांचं नातं आपल्याकडे प्लेगने पक्कं केलं आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला, मग पुण्यात. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. त्या पिढीने एक खूण पाठ केली होती: उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या बांधून राहायचं. मेलेला उंदीर हाच इशारा. प्लेगचा जिवाणू उंदरालाही मारतो, आणि मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात.

हंताविषाणूचं तसं नाही. तो ज्या उंदरात राहतो त्याला काहीच होत नाही. उंदीर ठणठणीत असतो, खातो, पितो, पिल्लं घालतो, आणि त्याच्या मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. ते वाळतं, त्याची धूळ होते, कोणीतरी खोली झाडतं आणि ती धूळ छातीत जाते. ताप येतो तो एक ते आठ आठवड्यांनी. इशारा देणारा मेलेला उंदीर इथे नसतोच. मधे इतका काळ जातो की झाडू मारल्याचं झाडणाऱ्यालाही आठवत नाही.

आता कोरिया. १९५१ साली, कोरियन युद्ध ऐन भरात असताना, ३८ अक्षांशाच्या आसपास तैनात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना एक विचित्र ताप यायला लागला. अचानक ताप, डोकं आणि पाठ प्रचंड दुखणं, चेहरा आणि मान उन्हाने भाजल्यासारखी लाल, डोळे लाल. मग काखेत बारीक रक्ताचे ठिपके. ताप उतरायला लागला की रक्तदाब कोसळायचा. त्यातून वाचला तर लघवी बंद व्हायची. त्यातूनही वाचला तर लिटरच्या लिटर लघवी व्हायला लागायची, आणि तीही जीव घेऊ शकायची. तीन हजारांहून अधिक सैनिकांना हा आजार झाला. अमेरिकन डॉक्टरांनी तो पूर्वी पाहिला नव्हता. जपानी आणि रशियन डॉक्टरांनी पाहिला होता, मांचुरियात आणि अमूर नदीच्या खोऱ्यात. जपान्यांच्या त्या माहितीतला काही भाग कैद्यांवर केलेल्या प्रयोगांतून आला होता. वैद्यकाच्या इतिहासात अशी पानं आहेत आणि ती उलटून पुढे जाता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

कारण माहीत नाही, औषध नाही. मग आजार ओळखून उपयोग काय? उपयोग होता. शॉकमध्ये गेलेल्या सैनिकाला सलाईन चढवणं ही डॉक्टरची सहज प्रतिक्रिया असते. पण या आजारात रक्तवाहिन्याच गळक्या झालेल्या असतात. वरून ओतलेलं पाणी रक्तात न राहता शरीरात भलतीकडे साचतं, आणि मूत्रपिंड बंद असेल तर ते बाहेरही पडत नाही. म्हणून अशा रुग्णांसाठी वेगळं केंद्र उभारलं गेलं. त्यांना हेलिकॉप्टरने तिथे आणायचे, पाण्याचा थेंब न् थेंब मोजायचे, आणि युद्धभूमीजवळच कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्रही चालवलं गेलं. मरणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. औषध तेव्हाही नव्हतं. रुग्ण कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखून काय करायचं नाही, एवढं कळलं होतं.

कारण शोधायला मात्र पंचवीस वर्षं लागली. आधी संशय आला गवतातल्या बारीक किड्यांवर. सैनिकांच्या गणवेशांना कीटकनाशकं चोळली गेली. रुग्णांचं रक्त घेऊन नाना प्राण्यांत टोचलं, काही हाती लागेना. प्रयोगशाळेत विषाणू वाढतच नव्हता.

ते कोडं सोडवलं ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञाने. ली आधी जपानी मेंदूज्वरावर काम करायचे. १९६९ च्या सुमारास ते या तापाकडे वळले. त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण ती अगदी साधी आहे. विषाणू वाढत नाही ना? नको वाढू दे. या तापातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूच्या अँटीबॉडी असणारच. मग ज्या भागात ताप येतो तिथले उंदीर पकडायचे, त्यांच्या अवयवांचे पातळ काप करायचे, त्यांवर बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव टाकायचा, आणि अँटीबॉडी कुठे चिकटली तर ती चमकेल असा रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. म्हणजे शत्रूचा फोटो आपल्याकडे नाही, पण त्याला ओळखणारा साक्षीदार आहे. त्याला एकेका घरासमोर उभं करायचं.

हे एका वाक्यात लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात ते उत्तर कोरियाच्या सीमेलगत, सापळे घेऊन, वर्षानुवर्षं हिंडणं होतं. उंदीर पकडणाऱ्यांपैकी काही जणांना हाच ताप आला. शेवटी १९७६ मध्ये, पाठीवर काळी रेघ असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसाचा काप चमकला. ताप मूत्रपिंडाचा, आणि उत्तर मिळालं उंदराच्या फुप्फुसात. जवळून वाहणाऱ्या हंतान नदीवरून विषाणूला हंतान नाव मिळालं आणि पुढे त्या कुळालाच हंताविषाणू म्हणू लागले. ली २०२२ मध्ये वारले.

इथे एक जोडगोष्ट सांगतो, कारण ती आपल्या देशातली आहे आणि आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. लींच्या शोधाच्या बारा वर्षं आधी, १९६४ साली, तमिळनाडूत वेल्लोर भागात मेंदूज्वराच्या पाहणीत पकडलेल्या एका चिचुंद्रीतून एक अनोळखी विषाणू वेगळा केला गेला. जागेवरून त्याचं नाव पडलं तोट्टप्पाळयम. १९७१ मध्ये त्याच्यावर निबंध आला, त्यात तो बहुधा डासांसारख्या किड्यांमार्फत पसरणारा असावा असं म्हटलं होतं. मग तो शीतपेटीत गेला. नंतरच्या तपासण्यांत लक्षात आलं, की हा हंताच्याच कुळातला आहे. म्हणजे या कुळातला प्रयोगशाळेत मिळालेला पहिला विषाणू कोरियातला नव्हता, आपल्याकडचा होता. फक्त तो कोण आहे हे विचारायला तेव्हा कोणाकडे प्रश्न नव्हता. (चिचुंद्री उंदीर नव्हे, हे आजी-आजोबांना माहीत असतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना नसतं. प्राणिशास्त्रानुसार ती कुरतडणाऱ्यांच्या गटातच येत नाही.)

यानंतर पुन्हा न्यू मेक्सिको. १९९३ चा मे महिना. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा आणि कोलोरॅडो या चार राज्यांचे कोपरे जिथे एकमेकांना टेकतात तो 'फोर कॉर्नर्स' नावाचा कोरडा, विरळ वस्तीचा प्रदेश. इथलं मोठं राखीव क्षेत्र नावाहो लोकांचं आहे. १४ मे रोजी एक तरुण नावाहो धावपटू गाडीत अत्यवस्थ झाला. श्वास घेता येत नव्हता. गॅलप गावच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या रुग्णालयात त्याला आणलं, आणि तो तिथे गेला. तो निघाला होता आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला. तीही काहीच दिवसांपूर्वी अशीच गेली होती.

दोन तरुण, धडधाकट माणसं, एकाच घरातली, छातीत पाणी भरून. गॅलपच्या रुग्णालयातले डॉक्टर ब्रूस टेंपेस्ट यांच्या मनात पहिला संशय आला प्लेगचा. ते स्वाभाविकच होतं, कारण न्यू मेक्सिकोत प्लेग अजूनही अधूनमधून सापडतो. पण चाचण्या निगेटिव्ह आल्या. मग टेंपेस्ट यांनी फोन उचलला. आसपासच्या डॉक्टरांना विचारलं, असं कोणी तुमच्याकडे आलं होतं का? ते आणि इंडियन हेल्थ सर्व्हिसचे जेम्स चीक यांच्या चौकशीतून असे पाच मृत्यू समोर आले. सगळे तरुण, सगळे आधी निरोगी.

मला या सगळ्या कथेत तो फोन सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यातला एकेक मृत्यू वेगवेगळ्या रुग्णालयाच्या फायलीत 'कारण अज्ञात' म्हणून बसू शकला असता, आणि पूर्वी तसंच होत आलं होतं. हे नंतर सिद्ध झालं. जुन्या शवविच्छेदनांतले जपून ठेवलेले ऊतींचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा युटातला एक ३८ वर्षांचा माणूस १९५९ सालीच याच आजाराने गेल्याचं आढळलं. आजार नवा नव्हता. चौतीस वर्षं त्या फायली शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या नव्हत्या.

पुढचं फार वेगाने घडलं. मेच्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं, सीडीसीचं पथक पोचलं. फवारणीच्या रसायनापासून फ्लूच्या नव्या प्रकारापर्यंत सगळ्या शक्यता पाहिल्या. रुग्णांचं रक्त अटलांटाच्या प्रयोगशाळेत, जपून ठेवलेल्या कितीतरी विषाणूंसमोर तपासलं गेलं. ४ जूनच्या सुमारास उत्तर आलं. अँटीबॉडी हंताच्या कुळाला प्रतिसाद देत होत्या, पण अर्धवट, जणू चुलतभाऊ ओळखल्यासारखा. पाहणाऱ्यांना ते पटेना. हंता म्हणजे आशिया-युरोपातला, मूत्रपिंडाचा आजार. हा अमेरिकेतला, फुप्फुसाचा. मग जनुकांची तपासणी झाली आणि हा कुळातला नवाच विषाणू असल्याचं स्पष्ट झालं. सापळे लावले गेले, ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे सतराशे प्राणी पकडले. त्यांत सर्वाधिक होता डिअर माउस नावाचा, मोठ्या डोळ्यांचा, पांढऱ्या पोटाचा, दिसायला गोड असा छोटा उंदीर. त्यांतल्या सुमारे तीस टक्के उंदरांत हा विषाणू सापडला.

कोरियात पंचवीस वर्षं, इथे तीन-चार आठवडे. हे यश नव्या तंत्रज्ञानाचं म्हणून सांगितलं जातं, आणि जनुकांच्या तपासणीचा वाटा मोठा आहेच. पण अटलांटाच्या शीतपेटीत हंतानचे नमुने नसते, तर रुग्णांच्या अँटीबॉडी कोणासमोर उभ्या करायच्या? लींनी सीमेवर उंदीर पकडले होते म्हणून न्यू मेक्सिकोत उत्तर मिळालं.

तसंच आणखी एका माणसाच्या कंटाळवाण्या कामाचं. न्यू मेक्सिकोतल्याच सेव्हिलेटा अभयारण्यात रॉबर्ट पारमेंटर आणि त्यांचे सहकारी निव्वळ पर्यावरणाच्या अभ्यासासाठी दरवर्षी उंदीर मोजत होते. त्यांच्या वहीत होतं: मे १९९२ च्या तुलनेत मे १९९३ मध्ये उंदीर दहापट. वर्षानुवर्षांच्या दुष्काळानंतर एल निन्योमुळे भरपूर पाऊस-बर्फ पडलं होतं. गवत वाढलं, पिनॉन पाइनला बिया लगडल्या (आपल्या चिलगोज्याच्या चुलतबहिणी), आणि उंदरांना सुगी आली.

हीच गोष्ट वहीशिवाय सांगणारे लोकही होते. बेन मुनेटा या नावाहो डॉक्टरने आपल्या समाजातल्या जाणत्या वैदूंना विचारलं. त्यांनी सांगितलं, की पाऊस जास्त, पिनॉन जास्त, उंदीर जास्त, आणि मग तरुण माणसं मरतात, असं पूर्वीही झालं आहे, १९१८ मध्ये आणि १९३३-३४ मध्ये. नावाहो परंपरेत उंदीर रात्रीच्या जगातला, माणूस दिवसाच्या. दोघांनी एकमेकांच्या जगात शिरायचं नाही. उंदीर कपड्यांवरून गेला तर ते कपडे जाळायचे. धान्य त्याच्यापासून लांब ठेवायचं.

अशा ठिकाणी आपल्याकडे लगेच 'बघा, पूर्वजांना सगळं माहीत होतं' अशी फॉरवर्ड तयार होते. मला तसं म्हणायचं नाही. वैदूंकडे विषाणू नव्हता, चाचणी नव्हती, इलाज नव्हता. पण त्यांच्याकडे डेटा होता: साल, पाऊस, पीक, प्राणी, मृत्यू, हे सगळे रकाने एकाच ओळीत. रुग्णालयांकडे मृत्यूचा रकाना होता, पावसाचा नव्हता. मुनेटांना दोन्ही भाषा येत होत्या आणि ते विचारायला गेले.

याच उन्हाळ्यात काय काय वाईट झालं तेही नोंदवायला हवं. वृत्तपत्रांनी आजाराला 'नावाहो फ्लू' म्हणायला सुरुवात केली. पत्रकार अंत्यविधींत घुसले, मेलेल्यांची नावं विचारू लागले. नावाहो रिवाजानुसार मृत्यूनंतरचे चार दिवस त्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या पत्रमित्रांना भेटायला निघालेल्या नावाहो शाळकरी मुलांना तिथल्या शाळेने येऊ नका म्हणून कळवलं. कोविडच्या सुरुवातीला कोणाकोणाकडे बोटं दाखवली गेली ते आपण पाहिलं आहे, तेव्हा जास्त लिहीत नाही. याचा परिणाम रोग ओळखण्यावरही होतो. ज्याला आपल्या घरातल्या उंदरावरून हिणवलं जाणार आहे, तो डॉक्टरला उंदराबद्दल का सांगेल?

नावावरूनही बराच वाद झाला. 'फोर कॉर्नर्स विषाणू' नाव स्थानिकांना नको होतं. मग जवळच्या एका दरीवरून 'मुएर्तो कॅन्यन' सुचवलं गेलं. त्याच नावाच्या दरीत १८०५ साली स्पॅनिश सैनिकांनी नावाहो माणसांची कत्तल केली होती, त्यामुळे तेही नको. शेवटी विषाणूचं नाव ठरलं 'सिन नोम्ब्रे', स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा'.

नाव मिळालं, प्राणी मिळाला, चाचणी मिळाली. पण चाचणी मिळाल्याने डॉक्टरचा प्रश्न सुटत नाही, हे मला वाचताना हळूहळू कळत गेलं. २०२२ च्या अखेरपर्यंत, जवळपास तीस वर्षांत, संपूर्ण अमेरिकेत हंताचे ८६४ रुग्ण नोंदले गेले. फ्लूचे दरवर्षी लाखो. ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाची हंता चाचणी करणं शक्यच नाही. आणि केली तरी निकाल यायला वेळ लागतो, तर सिन नोम्ब्रेचा रुग्ण 'जरा दम लागतोय' पासून व्हेंटिलेटरपर्यंत काही तासांत जाऊ शकतो. ज्यांना फुप्फुसाचा आजार होतो त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मरतात. औषध आजही नाही. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचलं, जिथे रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणारं यंत्र आहे, तर वाचण्याची शक्यता वाढते. आणि इथेही कोरियातला धडा: सलाईन हात राखून द्यायचं.

मग संशय घ्यायचा कशावरून? न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डॉक्टरांनी साध्या रक्ततपासणीतून उत्तर काढलं. काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. प्लेटलेट कमी. रक्त दाट झालेलं, म्हणजे हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट वर गेलेलं, कारण पाणी वाहिन्यांतून झिरपून गेलंय. पांढऱ्या पेशींत अपक्व पेशी दिसतात, पण जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात त्या पेशींवर जे बदल दिसतात ते नसतात. आणि मोठ्या, खवळलेल्या लिम्फोसाइट पेशी दहा टक्क्यांहून जास्त. यातल्या पाचांपैकी चार गोष्टी जुळल्या, तर अहवालाची वाट न बघता हलवाहलव सुरू करायची. गावातल्या लॅबमध्येही होऊ शकेल अशी ही तपासणी आहे. फक्त सुरुवातीला एक गंमत असते: खोकला, सर्दी, घसादुखी जवळजवळ नसते. मांड्या, कंबर, पाठ दुखते, पोट बिघडतं. छातीचा आजार, आणि पहिले काही दिवस छातीची तक्रारच नाही.

आता ही यादी पुण्या-मुंबईतल्या कोणालाही वाचून दाखवा. ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, हिमॅटोक्रिट वर. शेंडेफळही सांगेल: डेंगी. आणि शंभरात जवळजवळ शंभर वेळा ते बरोबरच असेल. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टो ही आपली त्रिमूर्ती आहे. त्यातला लेप्टो उंदरांच्या मुतातूनच येतो, पण तो विषाणू नाही, जिवाणू आहे, त्याला औषध आहे, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच पाहिला. भातशेतीत पायाला जखम घेऊन चिखलात उभं राहिलात का, हा प्रश्न कोकणातला डॉक्टर आजही विचारतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडताप पसरला, तेव्हा रानात माकडं मरून पडत होती. इशारा डोळ्यांना दिसत होता. हंताला तसा इशारा नाही.

आपल्याकडे तो आहे का? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी तापाच्या रुग्णांच्या रक्तात हंताविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्याचं २००० नंतरच्या दशकात नोंदवलं आहे. वेल्लोर, म्हणजे तीच चिचुंद्रीची जागा. त्यावरून 'भारतात हंता पसरला' असा मथळा करणं चुकीचं होईल. अँटीबॉडी एकमेकांचे नातेवाईक ओळखतात, हे १९९३ मध्ये दिसलंच. पण निगेटिव्ह डेंगी, निगेटिव्ह मलेरिया, निगेटिव्ह लेप्टो, आणि कार्डावर 'व्हायरल फीवर' लिहून घरी पाठवलेला माणूस, या गठ्ठ्यात काय काय आहे, हा प्रश्न तरी खरा आहे.

माणसाला न आठवणारी गोष्ट यंत्राला आठवते, याचं एक सुंदर उदाहरण २०१२ मध्ये घडलं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात राहून गेलेल्या पर्यटकांना घरी गेल्यावर हंता झाला. चौकशीत दिसलं की सुरुवातीचे रुग्ण करी व्हिलेज नावाच्या एकाच वस्तीत राहिले होते. एकूण दहा जण आजारी पडले, तिघे गेले, आणि दहापैकी नऊ जण दुहेरी भिंतींच्या एकाच प्रकारच्या तंबूत झोपले होते. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत उंदरांनी घरटी केली होती. मग उद्यानाने बुकिंगची यादी काढून, घरी परतलेल्या पर्यटकांना ईमेल पाठवले: तुम्ही इथे राहिला होतात, येत्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हे सांगा. बुकिंगचा डेटाबेस असा वापरला जाईल असं तो बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

मी ज्या टीममध्ये आहे ती छोट्या दवाखान्यांसाठी पेशंटची नोंद ठेवणारं अॅप बनवते. 'मुख्य तक्रार: ताप' निवडलं की पुढे किती दिवस, थंडी वाजते का, प्रवास, घरात अजून कोणाला, अशा पाच-सहा गोष्टी येतात. एवढं वाचल्यावर मी आमच्या सल्लागार डॉक्टरांना विचारलं, की इथे 'उंदरांशी संपर्क' असा एक रकाना टाकायचा का? त्या कोकणात बारा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या. त्यांनी आधी मला जमिनीवर आणलं. म्हणाल्या, "अरे, ऑगस्टमध्ये सकाळच्या ओपीडीत माझ्याकडे ऐंशी तापाचे पेशंट असतात. तू दिलेला प्रत्येक रकाना म्हणजे माझी दहा सेकंदं. दुर्मीळ आजारांसाठी रकाने वाढवत गेलास तर मी सगळ्यांवर 'नाही' टिक करून पुढे जाईन, आणि मग तुझा डेटा कचरा होईल."

मी म्हटलं, सगळ्यांना नको. प्लेटलेट कमी आणि डेंगी निगेटिव्ह, असं दोन्ही भरलं गेलं तरच तो प्रश्न उघडू दे. त्या पेशंटपुरतीच दहा सेकंदं, आणि लेप्टोसाठीही ती वाया जाणार नाहीत.

यावर त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "ठीक. पण शब्द बदल. घरात उंदीर आहेत का, असं विचारलंस तर बायका पटकन नाही म्हणतात. आमच्याकडे कसले उंदीर, डॉक्टर! तो त्यांच्या घराच्या स्वच्छतेवरचा प्रश्न होतो. असं लिही: गेल्या दोन महिन्यांत माळा, गोठा, गोदाम किंवा बंद खोली उघडून झाडलीत का?"

तसं लिहिलं. ड्रॉपडाऊनमध्ये हो, नाही, आठवत नाही, असे तीन पर्याय आहेत. तिसरा त्यांनीच घालायला लावला.